वह्या, रुमाल आणि हेळव्याचा चोपडा

त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या ओसरीवर बसलं की पहिला प्रश्न येतो तो मूळ गावाचा. तुम्ही सध्या पुण्यात राहता की सॅन होजेत, याच्याशी त्यांच्या वहीला काही देणंघेणं नसतं. मूळ गाव, आडनाव आणि जात यांवरून कुठल्या घरातली कुठली वही काढायची ते ठरतं. आत्यानं वाई तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं, तेव्हा गुरुजी लगेच म्हणाले, "साताऱ्याकडचे? मग आमच्याकडे नाही मावशी. पुढच्या आळीत विचारा." यादी बघितली नाही, फोन केला नाही. कुठला मुलूख कोणाच्या वृत्तीत आहे, हे इथल्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतं. वृत्तीची वाटणी भावाभावांत होते, तेव्हा घरादाराबरोबर गावांचीही वाटणी होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर मोडी शिकली आणि तेव्हापासून आमच्या घराण्याची वंशावळ जुळवायच्या मागे लागली आहे. घरात कोणी याला नाद म्हणतं, कोणी खूळ. तिच्या पिशवीत चौकटीची वही, भिंग, तीनचार शिसपेन्सिली आणि फुटाण्यांची पुडी कायम असते. सुगी उरकत आली होती. त्र्यंबक, पुणे, वाई आणि मग कोल्हापूरच्या पलीकडे, असं उत्तरेकडून दक्षिणेला उतरत आम्ही आठवडा काढला. मी गेले ती तिची पिशवी उचलायला, आणि खरं सांगायचं तर थोडी चेष्टा करायलाही.

पुढच्या आळीत वही निघाली. लांबट, जाड कागदाची, लाल फडक्यात गुंडाळलेली. सुरुवातीची पानं मोडीत, मग बाळबोध, आणि शेवटी शेवटी बॉलपेन. तिच्यातली गंमत अशी की नोंद उपाध्याय करत नाहीत, ज्याला लिहिता येतं तो यजमान स्वतःच्या हातानं करतो. मी अमुक गावचा अमुक. बाप, आजा, पणजा हे. भाऊ, चुलते, मुलगे हे. अमुक तिथीला स्नान करून श्राद्ध केलं. आणि शेवटी अशी कबुली, की आमच्या वंशातला जो कोणी येईल त्यानं याच उपाध्यायांना मानावं. ही शेवटची ओळ म्हणजे वहीचा जीव. वरची सगळी नावं त्या ओळीच्या बळकटीसाठी. यजमान कोणाचा यावरून दोन घरांत तंटा झाला की वही पुढे यायची, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. पुढे वारसाहक्काच्या दाव्यांतही तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्या पुराव्यादाखल कोर्टात गेल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या यूटा संस्थानच्या वंशावळी मंडळानं १९७७ पासून मायक्रोफिल्म करायला घेतली होती. तिथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांना पूर्वजांची नावं धर्मकृत्यासाठी लागतात, म्हणून जगभरच्या नोंदी ते गोळा करतात. नावं टिकतात ती अशी दुसऱ्याच कुणाच्या तरी गरजेपोटी.

आमच्या पानावर माझ्या खापरपणजोबांची नोंद सापडली. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मजकूर उपाध्यायांच्या हातचा आणि खाली सहीच्या जागी नांगर. शाईचा, जेमतेम पेराएवढा, पण रुमणं, ईस, फाळ सगळं जागच्या जागी. शेतकऱ्याची सही पूर्वी नांगरच असे. गावच्या जुन्या महजरांवर सुताराची पटाशी आणि न्हाव्याचा आरसाही दिसतो. आत्यानं भिंग धरलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फाळ बघ, डावीकडं वळलाय. डावखुरा असेल का गं?" याला उत्तर काय देणार!

मला नवल वाटलं ते बायकांच्या नावांचं. सरकारी कागदांत बाई दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर, वतन किंवा जमीन तिच्या नावावर आली तर. पण तीर्थश्राद्धाला आई, आजी, पणजी लागतात, आणि आईच्या माहेरचेही तीन पुरुष लागतात. पिंड कोणाच्या नावानं ठेवायचा ते सांगता आलंच पाहिजे. त्यामुळे या वहीत बायका आहेत. मात्र त्या सासरच्या नावानं आहेत. ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं की जुनं नाव तिथेच संपायचं, आणि सासरची नावं तरी किती निराळी असणार? आमच्या पानावर रखमाच्या सुनेचं नावही रखमाच.

पुरुषांचा घोळ वेगळा. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे रामजी विठोजी, विठोजी रामजी, पुन्हा रामजी विठोजी अशी माळ लागते. हौशी माणूस एक पूर्ण जोडी गाळतो किंवा दोनदा मोजतो, आणि वंशावळ साठ वर्षांनी सरकते. शिवाय सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आजोबांच्या नावाचा नातू घरात बापू, नाना नाहीतर आप्पा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते बापू सांगणार आणि वहीत बापू कुठेच नसणार. आत्याच्या वहीत या नावांचं एक वेगळं पान आहे. तिच्या मते वंशावळीपेक्षा ते पान जास्त मोलाचं.

काम झाल्यावर देवळात जाऊन आलो. आजचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं ते १७५५ मध्ये, आणि पुरं व्हायला १७८६ उजाडलं; तोवर नानासाहेब जाऊन पाव शतक झालं होतं. ब्रह्मगिरीचा कडा गावाच्या अगदी डोक्यावर आहे. कुशावर्तावर गर्दी होती, आणि सिंहस्थाच्या तयारीची चर्चा प्रत्येक दुकानात. या गावाचं पोट विधींवर चालतं. मात्र गुरुजींचं गाऱ्हाणं असं, की हल्ली लोक कालसर्प आणि नारायण नागबळीसाठी येतात, ऑनलाइन नाव नोंदवून येतात आणि दुपारच्या गाडीनं जातात. मूळ गाव विचारलं तर मोबाइलवर वडिलांना फोन लावतात. वहीत लिहायला थांबणारे थोडे. म्हणजे ज्या वहीनं दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस सापडतो, तिच्यात आजचा सापडेलच असं नाही.

पुण्यात पेशवे दप्तर. कौन्सिल हॉलच्या परिसरातली दगडी इमारत १८९१ साली खास या कागदांसाठी बांधली. आत ओळीनं रॅक आणि त्यांवर रुमाल. इथे रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत आणि कागद काही कोटींच्या घरात. आत शाईचं पेन चालत नाही, म्हणून आत्याच्या शिसपेन्सिली.

हे कागद टिकले त्याला इतिहासप्रेम कारणीभूत नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या हाती दप्तर आलं, आणि त्यांना त्यात एकच गोष्ट बघायची होती : कोणाची इनामं खरी आणि कोणाची बुडवता येतील. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि गावोगावच्या इनामदारांना सनदा घेऊन उभं राहावं लागलं. सनद नाही तर दप्तरात नोंद शोधा, नोंद नाही तर जमीन खालसा. त्या झडतीसाठी कागद लावले गेले, प्रांतवार, खातेवार. दक्षिण महाराष्ट्रात इनाम कमिशननं जो असंतोष पेरला तो १८५७ च्या आसपास उगवला, आणि त्याच कमिशनच्या रचनेवर आज आम्ही आमचे पूर्वज शोधत होतो. पुढे गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या सुमारास या ढिगातून निवडून ४५ भाग छापले. त्यांचं लक्ष अर्थातच स्वाऱ्या, तह आणि कारस्थानांवर. शेतकऱ्याच्या घरचं काही हवं असेल तर छापील खंड बाजूला ठेवून रुमालच सोडावा लागतो.

सोडला की तारखेशी झुंज. मराठी दप्तरात साल लिहितात ते शुहूर सन, आणि आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार : ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून ते १७७२ च्या पावसाळ्यापासून १७७३ च्या उन्हाळ्यापर्यंतचं. महिने आणि तारखा मात्र चांद्र, रजब, साबान, रमजान अशा. शेतीचा हिशोब सूर्याबरोबर आणि दिवसाचा हिशोब चंद्राबरोबर, असा हा दुहेरी कारभार. आत्या बोटांची पेरं मोजत पुटपुटत होती. शेजारच्या टेबलावरचा पीएच्‌डीचा मुलगा मोबाइलवर तेच करत होता. उत्तर आत्याचं आधी आलं.

त्याच सालच्या, म्हणजे थोरले माधवराव गेले आणि नारायणराव गादीवर आले त्या वर्षाच्या, प्रांत वाईच्या एका जमेच्या यादीत आमच्या गावाचं नाव निघालं. त्याखाली आमच्या आडनावाचा एक माणूस, आणि तो नेमका 'गुन्हेगारी'च्या खात्यात. पेशव्यांच्या न्यायात ज्याचा दावा खरा ठरला त्यानं सरकारला हरकी द्यायची, आणि जो खोटा ठरला त्यानं गुन्हेगारी. जिंकलात तर आनंदाबद्दल पैसे, हरलात तर दंड. सरकारचं नुकसान कशातच नाही. आमच्या माणसानं पाच रुपये भरले. कशाबद्दल, ते यादीत नाही. बांध कोरला, गुरं दुसऱ्याच्या रानात घातली, खोटी साक्ष दिली, काहीही असेल. माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांना जरा लागलंच. "आपलाच कशावरून?" म्हणाले. आत्याचं मत उलट. जो भांडला नाही, हरला नाही, ज्यानं सारा वेळेवर भरला, तो दप्तरात नावानिशी येतच नाही. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचं नाव तर बहुतेक वेळा वेठीच्या नाहीतर चाकरीच्या यादीतच येतं, तेही बापाच्या नावाशिवाय. तुमच्या पूर्वजाला दंड झाला याचा अर्थ त्याच्याकडे वाद घालण्यासारखं काहीतरी होतं.

वंशावळी सगळ्यात जास्त सापडतात त्या वतनाच्या भांडणांत. प्रत्येक पक्ष आपला करीना, म्हणजे घराण्याची हकिगत, लिहून द्यायचा आणि खाली वंशवृक्ष काढायचा. त्यात खोटे वंशवृक्षही बक्कळ. गैरसोयीचा चुलता निपुत्रिक मेला असं लिहून टाकायचं, दत्तक लपवायचा. कागदावर भरवसा नाही म्हणून की काय, तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, आणि तो आजही उभ्या उभ्या वाचता येतो. पण दगडावर कोरलं म्हणून करीन्याचा स्वभाव जात नाही. लिहवून घेणारा राजा, मग गैरसोयीचा चुलता तिथे तरी कसा येणार!

दप्तराच्या दाराशी हल्ली हौशी माणसांपेक्षा वेगळीच माणसं जास्त भेटतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झालं. तहसील कचेरीतली जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं, शाळांचे दाखले, खासरापत्रकं, सगळं बाहेर निघालं, आणि त्यातलं जुनं बरंचसं मोडीत. काल-परवापर्यंत ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या मोडी वाचकांच्या मागे गावंच्या गावं लागली. आम्ही बाहेर चहा घेत होतो तेव्हा परभणीकडचा एक तरुण कागदाची झेरॉक्स घेऊन आत्याजवळ आला. "मॅडम, एवढा एक शब्द." आत्यानं वाचलं. त्याला हवा होता तो शब्द तिथे नव्हता. तो थँक्यू म्हणाला आणि झेरॉक्स नीट घडी करून खिशात ठेवून गेला. आमचं हे फिरणं म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. त्याच्या घरी त्यावर कोणाची तरी ॲडमिशन अडलेली असणार. त्यानंतर चेष्टा करायचं माझं धाडस झालं नाही.

पुढे खंबाटकी उतरून वाई. एका बाजूला पांडवगड, दुसऱ्या बाजूला वैराटगड, मधून कृष्णा. वंशावळीच्या मागे लागलेल्या माणसाला वाई टाळता येत नाही, कारण मराठी कागद शोधायचं वेड इथूनच सुरू झालं म्हटलं तरी चालेल. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना वाईतल्या एका वाड्यात जुनी दप्तरं मिळाली, आणि त्यातल्या पानिपतच्या काळच्या पत्रांवर त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला. त्यानंतर जन्मभर ते गावोगाव हिंडले. घरोघरी माळ्यावर, कणगीत, देव्हाऱ्याखाली कागद होते, आणि बऱ्याच ठिकाणी ते चुलीकडे चालले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते राजवाड्यांच्या आणि खंडेराव मेहेंदळ्यांच्या पुढाकारानं. वाईत आज विश्वकोशाचं कार्यालय आहे, ढोल्या गणपतीपुढे सहली येतात, मेणवलीच्या घाटावर सिनेमावाले येतात. आम्ही गणपतीला लांबूनच हात जोडून गाव गाठलं.

गावात हळदीचे दिवस होते. शिवारात मोठमोठ्या काहिली लावलेल्या, हळकुंडं शिजत होती, आणि अंगणापासून गच्चीपर्यंत पिवळी वाळवणं. सगळ्या गावाला एकच वास. आत्या थेट शाळेत गेली. शाळेचं जनरल रजिस्टर ही वंशावळीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित खाण. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. फक्त जन्मतारखेवर विश्वास ठेवायचा नाही. पानावर पान १ जून, १ जून, १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशोबानं ठरवून टाकला. शाळा सोडल्याचं कारण मात्र खरं असतं. 'गुरे राखणेस', 'मुंबईस गेला', 'लग्न'. शेवटचं फक्त मुलींपुढे.

गावातले म्हातारे कागद बघत नाहीत, रानं दाखवतात. पेशवाईत देशावरच्या गावांची जमीन थळांत वाटलेली असे, आणि थळाला नाव ज्या कुळानं ते पहिल्यांदा कसलं त्या कुळाचं. ते कुळ निर्वंश झालं किंवा गाव सोडून गेलं की जमीन गतकुळी. पण नाव राहतं. आमच्या गावात नदीच्या वळणावरच्या एका पट्ट्याला अजून एका आडनावानं हाक मारतात, आणि त्या आडनावाचं एकही घर गावात नाही. सातबाऱ्यावर ते नाव नाही, गट नंबर आहे. ऊस मात्र 'त्यांच्यात' लावलाय असंच म्हणतात.

आमच्या चुलत घराच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. चांदीचे पत्रे, त्यांवर ठोकून उठवलेल्या आकृती : घोड्यावरचा जोतिबा, खंडोबा, भवानी, आणि एका कडेला ढालतलवार घेतलेला एक पूर्वज, ज्याचं नाव कोणालाच सांगता येत नाही. दसऱ्याला सगळे टाक घासून पुसून पूजतात. शतकानुशतकं घासल्यामुळे पूर्वजाचे नाकडोळे गेले आहेत. काकूंना मी विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "आपलेच की." आत्यानं ते तसंच वहीत लिहून घेतलं.

आता जोतिबा हा धागा. गावदेव वेगळा आणि कुलदैवत कोल्हापूरजवळच्या डोंगरावरचं, म्हणजे घराणं तिकडून आलं असणार, असा तर्क हौशी मंडळी हमखास लावतात. आत्याला तो पटत नाही, कारण सातारा जिल्ह्यात जोतिबाला मानणारी घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. तरीही तिनं दक्षिणेची वाट धरली, त्याला कारण हेळवी.

कृष्णा-पंचगंगेच्या खाली, कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या पट्ट्यात हेळवी नावाचा भटका समाज आहे. मराठा, लिंगायत, धनगर अशा शेतकरी घरांच्या वंशावळी सांगणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पूर्वी बैलावर बसून यायचे. प्रत्येक हेळव्याची गावं ठरलेली; सुगी झाली की दारात यायचं, मूळपुरुषापासून घराण्याची हकिगत म्हणायची, मागच्या फेरीनंतर जन्मलेली पोरं चोपड्यात चढवायची आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जायचं. ब्राह्मणाचं नाव टिकवायला सनदा आणि पोथ्या होत्या, राजाचं टिकवायला बखरकार होते. नांगर धरणाऱ्यासाठी हा बैलावरचा माणूस होता. महाराष्ट्रात बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटलं.

आत्याच्या नणंदेचं घर कागलजवळ आहे. तिथे आमच्या मुक्कामातच हेळवी आला, मोटारसायकलवरून. चाळिशीचा, डोक्याला पटका, मागच्या सीटला दोरीनं बांधलेलं गाठोडं. घरी कानडी बोलणारा, आमच्याशी अस्सल कागली मराठीत. गाठोड्यातून चोपडा निघाला, कानडीत लिहिलेला. पण तो वाचत नव्हता. चोपडा मांडीवर उघडा, डोळे समोरच्या तुळशीवर, आणि तोंडानं एका लयीत नावं. कोणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक, कोण घरजावई गेला, कोणी कुठल्या गावात नवी वस्ती केली. सालं नाहीत. 'पटकीच्या वक्ताला', 'थोरल्या दुष्काळात', 'भावाभावांत फाटलं तवा' अशी मोजणी. थोरला दुष्काळ म्हणजे बहुधा १८७६ चा, पण तो म्हणतो तो त्याच्याही आधीचा असू शकतो.

घरातल्या धाकट्या सुनेला गेल्या वर्षी मुलगी झाली. हेळव्यानं घरातल्या नव्या पोरांची नावं विचारली तेव्हा सासूनं पुतण्याच्या मुलाचं सांगितलं. सून दारातूनच म्हणाली, "आणि आमची?" तो थांबला. पानभर नुसते पुरुष होते. मग पेन झटकत म्हणाला, "लिवतो की आक्का. कागद मोप हाय." आणि लिहिलं. सासू काही बोलली नाही. जोंधळे पायलीभर ठरले होते ते तिनं तेवढेच घातले.

मग आत्यानं आमचं आडनाव सांगितलं. त्यानं दुसरा चोपडा काढला. त्या आडनावाची दोन घरं त्याच्या गावांत होती. पाचव्या की सहाव्या पिढीला दोघे भाऊ, आणि धाकटा 'वरच्या अंगाला, कृष्णाकाठ धरून गेला, परत आला न्हाई.' नाव विठोजी. आमच्या वहीतही विठोजी आहेत, पण ते कोणाच्या नाहीत? आत्यानं सगळं लिहून घेतलं, पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं 'ऐकीव' असा शेरा मारला आणि त्याला दक्षिणा दिली. मी म्हटलं, जुळलं की गं. ती म्हणाली, जुळवायचं म्हटलं तर काय, सगळंच जुळतं.

तिच्या वंशवृक्षात ती स्वतः 'कन्या' एवढ्या शब्दात येते, जुन्या छापील कुलवृत्तांतांतल्या बऱ्याच मुलींसारखी. नवा तक्ता तिनं काढायला घेतला आहे, त्यात मुली, त्यांची माहेरची-सासरची दोन्ही नावं आणि त्यांची मुलं असं सगळं आहे. त्यामुळे तो कागदावर मावत नाही आणि घरातली वडीलधारी मंडळी नाराज आहेत. तक्ता मावत नाही ही तिच्या मते चांगली खूण आहे, आणि मला आता ते पटतं.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर मोडी कागदांची ट्रंक असेल तर एवढं करावं : ती रद्दीत देऊ नये आणि कागद चिकटपट्टीनं चिकटवूही नयेत. मोबाइलवर सरळ फोटो काढावेत, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या पुराभिलेखागारात जाणत्या माणसाला दाखवावेत. मोडीचे वर्ग आता बऱ्याच शहरांत चालतात. अक्षरओळख होते, पुढचं सरावावर. आणि घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर ट्रंकेच्या आधी तिच्याजवळ बसावं आणि तिचं लग्नाआधीचं नाव विचारून लिहून घ्यावं. तिच्या आईचं आणि आजीचंही विचारावं. वही, रुमाल आणि चोपडा या तिन्हींत आम्हाला ती नावं कुठेही मिळाली नाहीत.